गवत झोपलेलं आहे

५ ऑक्टोबर २०२५, रविवार

आजपासून नोंद ठेवतो. ज्या कामाची नोंद नाही ते काम झालंच नाही, हे पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं मी हाताखालच्यांना सांगत आलो. आता हाताखाली कोणी उरलं नाही, म्हणून स्वतःलाच सांगतो.

मी आणि मीरा अमेरिकेत अश्वजितकडे साडेपाच महिने राहून मागच्या आठवड्यात वर्ध्याला परतलो. मिनेसोटा नावाचं थंड राज्य आहे. घरापुढे लॉन. पहिल्याच शनिवारी अश्वजितनं गवत कापायची मशीन माझ्या हातात दिली, बहुतेक म्हातारा घरात नुसता फिरू नये म्हणून. मी तीन दिवसांत मशीन शिकलो आणि दहा दिवसांत शेजारच्या गोऱ्यांच्या लॉनमधल्या चुका काढायला लागलो.

खरी गोष्ट लिहितो. अश्वजित आणि मी आयुष्यात फारसं बोललोच नाही. फोनवर 'कसा आहे', 'बरा आहे', 'आईले देतो' इथं विषय संपायचा. पण त्या लॉनवर आम्ही तासन्‌तास बोललो. बेचाळीस-त्रेचाळीस वर्षांचा माणूस माझ्याशेजारी गुडघ्यावर बसून विचारत होता, बाबा, हे पिवळं काऊन पडलं? मला फार बरं वाटायचं.

आज सकाळी आठला त्याचा फोन आला (तिकडे शनिवारची रात्र). सव्वीस मिनिटं बोललो. सगळं गवताबद्दल. फोन ठेवला आणि निर्णय घेतला: घरापुढच्या अंगणात लॉन. तिथल्या बियाण्याच्या दुकानातून मी बारा पानांचं पत्रक आणलेलं आहे, 'थंड प्रदेशातील लॉनची महिनावार निगा'. त्याच्या चार झेरॉक्स काढल्या.

मीरानं विचारलं, थंड प्रदेश कुठी हाय? मी तिला सांगितलं की डिसेंबरात आपल्याकडे पारा नऊवर येतो. ती म्हणाली, मे मध्ये सत्तेचाळीसवर जाते ते कोण्या पानावर हाय? बायकांना पत्रक समजावणं अवघड असतं.

११ ऑक्टोबर

अंगण खणलं. मीराची वांग्याची झाडं, मिरच्या आणि एक टोमॅटो काढण्यात आला. कढीपत्त्याबाबत तिची बाजू ऐकून घेतली आणि तो ठेवला. नागपूरहून टेम्पोत गवताच्या गुंडाळ्या आल्या, सतरंजीसारख्या. दुपारपर्यंत अंथरून झाल्या. आमची अख्खी गल्ली बघायला आली होती.

अडचण एकच आहे. शेजारचे भैयाजी ढगे, त्यांच्या पत्नी रुख्माबाई आणि आणखी तीन-चार बाया हिवाळ्यात रोज सकाळी आमच्या अंगणात ऊन खायला बसतात. तुरीच्या शेंगा सोलतात, गावभरचं बोलतात. वीस वर्षांची वहिवाट आहे. मी नम्रपणे सांगितलं की यंदापासून बंद. रुख्माबाई म्हणाल्या, उनाले कायचं गवत लागते बाप्पा. आणि आपली सुपं उचलून गेल्या.

१९ ऑक्टोबर, रविवार

पत्रक पान ३: मातीला भोकं पाडणे, जेणेकरून मुळांना हवा मिळेल. तिकडे याची मशीन भाड्यानं मिळते. मी जुन्या पाटाला खालून चार-चार इंची खिळे ठोकले आणि वर उभं राहून दाबत गेलो. आपली काळी माती, कालच पाणी दिलेलं. पाट आत गेला तो आतच राहिला. भैयाजींनी मदतीला म्हणून एक पाय ठेवला, तर त्यांची चप्पल पण गेली. लोखंडी सब्बल लावून दोन्ही काढलं. भोकं पडली, पण विहिरीएवढी.

अश्वजितला व्हिडिओ फोनवर सांगितलं तर तो हसला. असं हसताना मी त्याला किती दिवसांत पाहिलं नव्हतं. हसता हसता डोळे पुसत होता. फोन एकतीस मिनिटं.

२४ ऑक्टोबर

सूनबाईचा, नंदिनीचा, मीराला दुपारी फोन आला. मीरा आतल्या खोलीत दार लावून तासभर बोलली. बाहेर आली तर डोळे लाल. विचारलं, तर म्हणते कांदा चिरत होती. हातात मेथीची जुडी होती.

संध्याकाळी मात्र चमत्कार झाला. मीरा आपण होऊन नळी घेऊन लॉनला पाणी घालायला लागली. म्हणाली, रविवारी त्याले दाखवाले बरं दिसलं पाह्यजे. शेवटी पत्रक पटलं तिला.

२ नोव्हेंबर, रविवार

आज हिवाळा अधिकृतरीत्या सुरू. पत्रक पान ५: नोव्हेंबरच्या आरंभी पाणी देणे बंद करावे, गवत निद्रावस्थेत जाते. तसेच बाहेरील नळ्यांतील पाणी पूर्ण काढून टाकावे, अन्यथा ते गोठून नळ्या फुटतात.

आमच्या घरी बाहेरची आणि आतली नळी एकच आहे. त्यामुळे सगळंच पाणी काढून टाकावं लागलं. वरची टाकी रिकामी केली, व्हॉल्व्ह बंद केला, तोंडांना चिंध्या बांधल्या. बाहेर तेहेतीस अंश होतं, घाम पुसत पुसत काम केलं. मीरा भैयाजींकडून बादल्या आणते आहे. तक्रार करत नाही, त्याचंच जरा आश्चर्य वाटतं.

९ नोव्हेंबर, रविवार

मीराच्या चौथ्या दिवशीच्या एका वाक्यानंतर घरातलं पाणी सुरू केलं. वाक्य इथं लिहिण्यासारखं नाही. लॉनचं पाणी मात्र बंद, ते धोरण कायम आहे.

भैयाजी आधी हसत होते. परवा पाहिलं तर त्यांच्या बाहेरच्या नळालाही चिंधी. विचारलं, तर म्हणाले, थूल साहेब, अमेरिकेचं हाय म्हणता, उगाच रिस्क कायले घ्या. कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही विचारणा झाल्या. आज समाजमंदिरात माझं व्याख्यान ठेवलं होतं, 'हिवाळी निगा: एक दृष्टिकोन'. चाळीसेक लोक. एका शिक्षकानं विचारलं, सर, बर्फ पडलाच नाही तर? मी म्हटलं, बर्फ निसर्गाच्या हाती आहे, तयारी आपल्या. टाळ्या पडल्या. नारळ, शाल वगैरे.

१६ नोव्हेंबर, रविवार

अश्वजित नव्या खोलीतून बोलला. खिडकी पार छताला लागून, इवलीशी. मागे जाडजाड पाइप. म्हणाला, तळघरात ऑफिस केलं. तिकडे असं करतात, मी पाहिलं आहे. अंगात चमकणाऱ्या पट्ट्यांचं नारिंगी जाकीट होतं. कंपनीनं दिलं म्हणे. कॉम्प्युटरवाल्यांनाही आता गणवेश आला, चांगलंच झालं. शिस्त पाहिजेच.

नातीशी, समीक्षाशी बोलायचं होतं. ती झोपली आहे म्हणाला. मागच्या वेळीही झोपलीच होती. मग तिथलं लॉन दाखव म्हटलं तर म्हणाला, बाबा, इथं अंधार पडला, आणि आता बर्फाखाली काय दिसणार? खरंच की, माझ्याच लक्षात आलं नाही. पस्तीस मिनिटं बोलला. फोन ठेवायचं नावच घेत नव्हता.

७ डिसेंबर, रविवार

काल सकाळी विहारात जाऊन आलो. दिवसभर बोलावंसं वाटलं नाही. आज कामाला लागलो.

लॉन संपूर्ण पिवळं पडलं आहे, काही ठिकाणी तपकिरी. अगदी पत्रकातल्या पान ६ च्या चित्रासारखं. मागच्या आठवड्यात मी फाटकावर पाटी लावली: 'गवत झोपलेले आहे. पाय ठेवू नये.' पहिल्या दिवशी शाळेतल्या पोरी वाचून गेल्या आणि कोपऱ्यापर्यंत हसत गेल्या.

रुख्माबाई आणि मंडळी आता रस्त्याच्या कडेला खुर्च्या टाकून ऊन खातात. आमच्या फाटकाकडे तोंड करून. मीराही त्यांच्यात जाऊन बसते. आज ऐकू आलं, कोणीतरी म्हणालं, मेलं ते. मीरा म्हणाली, त्यायले सांगू नका बरं.

कृषी केंद्रात गेलो होतो. पान ७ वर बर्फामुळे येणारी बुरशी दिली आहे, त्यावर औषध मागितलं. दुकानदार बराच वेळ माझ्याकडे पाहत होता. मग कपाशीचं दिलं.

२८ डिसेंबर, रविवार

आज पहाटे पारा ९.२. दव गोठतं का पाहायला साडेपाचपासून कानटोपी घालून अंगणात उभा होतो. गोठलं नाही. सर्दी झाली.

अश्वजित विचारतो, बाबा, झोपलंय ना अजून? म्हटलं, गाढ. तो म्हणाला, मग ठीक आहे, उठवू नका. किती वाळला आहे तो. दाढी वाढवली आहे. म्हटलं नंदिनीचा स्वयंपाक आवडत नाही काय, तर म्हणाला, नाही, तिचं काम वाढलं आहे. मी काही सल्ले दिले. मीरानं फोन हातातून घेतला आणि म्हणाली, तुम्ही गवताचं बोला, बाकीचं राहू द्या.

१८ जानेवारी २०२६, रविवार

मनातली शंका इथंच लिहितो, दुसरीकडे कुठे लिहिणार. आज एक कोपरा चिमटीत धरून ओढला. अख्खी सतरंजी उचलून आली. खाली मुळं नाहीत, कोरडी माती आणि भेगा. भेगेत हात मनगटापर्यंत गेला. झोपलेल्या गवताला मुळं असतात की नसतात, पत्रकात दिलेलं नाही. सगळी बारा पानं वाचली. आता उन्हाळ्यापर्यंत निर्णय राखून ठेवतो.

एक मात्र ठरवलं. अश्वजितला सांगायचं नाही. आमच्याकडे दुसरा विषय नाही. गवत गेलं तर पुन्हा 'कसा आहे', 'बरा आहे'.

१ मार्च, रविवार

ऊन तापलं. कॉलनीत लोकांनी नळांच्या चिंध्या सोडल्या, तशी माझ्याकडे पाहून नमस्कार करायची पद्धतही सोडली.

आज अश्वजित म्हणाला, बाबा, तिकडं आता हिरवं झालं असंल ना, फोटो पाठवा. मी होकार देऊन बसलो. दिला तर दिला. दुपारी पाण्याच्या टाकीजवळच्या बागेत गेलो. तिथलं गवत बरं ठेवलं आहे. या बागेत मी तीस वर्षांत पाऊल ठेवलं नव्हतं, मुद्दाम दुसऱ्या रस्त्यानं जातो. कारण इथं लिहीत नाही. घसरगुंडी, बाक, काही येणार नाही असा खाली वाकून नुसता गवताचा फोटो काढला. कोपऱ्यात बकुळीच्या पाराची एक वीट आली, ती कोणाला काय कळणार. पाठवून दिला.

घरी आल्यावर जेवण गेलं नाही. खात्यात कोणी खोटं मोजमाप लिहिलं की मी किती आरडाओरडा करायचो.

८ मार्च, रविवार

आज सकाळी अश्वजितचा फोन नाही. नुसता त्याच्या लॉनचा फोटो आला. हिरवंगार, कापलेलं, मागचं झाड पानांनी भरलेलं. पत्रकाप्रमाणे तिकडे एप्रिल अखेरपर्यंत गवत उठत नाही, पण हवामान बदलतंय म्हणतात. पोरानं लॉन कमालीचं राखलं आहे. आणि कोपऱ्यात पायरीवर माझ्या निळ्या चपला दिसतात, ज्या मी तिथे विसरून आलो होतो. अजून जागच्या जागी जपून ठेवल्या आहेत त्यानं. मीराला दाखवलं. ती फोटो खूप वेळ पाहत राहिली आणि मग आत गेली.

आणखी एक. रोज दोन वेळा पाणी देतो आहे आणि आज पश्चिमेच्या बाजूला हिरवे कोंब दिसले! पत्रक खोटं नव्हतं.

१४ मार्च

कोंब वीतभर झाले. भैयाजी फाटकावरून पाहून म्हणाले, साहेब, हे तं गाजरगवत हाय. मी म्हटलं, अमेरिकन जात असेल. ते म्हणाले, होय, तिकडूनच आलं म्हणतात, पण लई वर्षं झाले. सगळं उपटलं. हाताला खाज सुटली आहे. लिहिताना त्रास होतो.

१५ मार्च, रविवार

आज सविस्तर लिहितो, खाज असली तरी.

आठ वाजता फोन आला. मी सुरुवात केली की गवत कसं फुललं आहे. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाबा, तुमचा फोटो पाह्यला. ते आपलं आंगण नाई. ते टाकीजवळची बाग हाय."

मी म्हटलं, नुसतं गवत आहे, तुला कसं समजलं? तो म्हणाला, बकुळीचा पार ओळखतो मी. स्क्रीनवर ती छताजवळची खिडकी आणि त्याची दाढी, एवढंच दिसत होतं.

मी खोटं चालवू शकलो असतो. पण मीरा शेजारी शेंगा निवडत बसली होती आणि तिचा हात थांबला होता. मी म्हटलं, "गवत मेलं, अश्वजित. नोव्हेंबरातच मेलं. मीच पाणी तोडलं."

त्यावर त्यानं दाढीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "माह्याकडं तं गवतच नाई, बाबा. घरबी नाई."

मग सगळं सांगितलं. आम्हाला विमानतळावर सोडलं त्याच्या तिसऱ्या दिवशी नोकरी गेली. नोव्हेंबरात घर विकलं. नंदिनीला दुसऱ्या राज्यात काम मिळालं, ती समीक्षाला घेऊन भावाकडे राहते. हा कोणाच्या तरी तळघरात एक खोली घेऊन लोकांच्या दारात खोकी पोचवतो. म्हणून जाकीट. म्हणून ती पोर प्रत्येक रविवारी झोपलेली. आणि तो फोटो मागच्या जुलैतला होता, चपला तेव्हा माझ्या पायातल्या काढून ठेवलेल्या होत्या. मी एवढी कागदपत्रं तपासलेला माणूस, मला एकही गोष्ट दिसली नाही. माझी मलाच लाज वाटली.

मीराकडे पाहिलं. तिला नवल वाटलेलं नव्हतं. विचारलं, तुला माहीत होतं? म्हणाली, दिवाळीपासून. मी विचारलं, मग सांगितलं काऊन नाई? ती म्हणाली, "तुम्ही त्याले रोज नोकरीचं विचारलं असतं, तं त्यानं फोनच बंद केला असता. गवताचं बोलत होता तं अर्धा घंटा तोंड तरी दिसे त्याचं."

आता मी काहीतरी बोलायला हवं होतं. मनात आली ती सगळी वाक्यं खात्यातली होती. शेवटी जे मी या वहीतही लिहिलेलं नाही ते त्याला सांगितलं. चौऱ्याण्णव साली मला निलंबित केलं होतं, अकरा महिने. मोजमापाच्या वहीवर सही माझी होती, मोजमाप दुसऱ्याचं. पुढे निर्दोष सुटलो, पण ते अकरा महिने मी रोज साडेनऊला डबा घेऊन, इस्त्रीचे कपडे घालून घरून निघायचो आणि त्या टाकीजवळच्या बागेत पाचपर्यंत बसायचो. तेव्हा तू सातवीत होतास, म्हटलं, तुला समजू नये म्हणून. तेव्हा हे सोंग मला शिकवू नको. घरी निघून ये. नंदिनीशी बोल, पोरीची शाळा सुटली की तिघंही या, नाही जमलं तर तू एकटा ये. पुढचं इथं बसून पाहू.

तो म्हणाला, लोक काय म्हणतील. मी म्हटलं, कॉलनी सध्या माझ्यावर हसण्यात गुंतली आहे, तुझ्यासाठी तिच्याकडे वेळ नाही. तेव्हा तो थोडा हसला. मीरा फोनकडे वाकून एवढंच म्हणाली, "येजो बाबू." तो हो म्हणाला. मे महिन्यात येतो म्हणाला.

ठेवण्याआधी तो म्हणाला, "बाबा, मले माहीत होतं."

मी विचारलं, काय?

"तुमचं निलंबन. त्या वर्षी एकदा शाळा लवकर सुटली तं मी बागेत गेलतो. तुम्ही पाराजवळ गवतावर बसून डबा खाऊन राह्यले होते. जोडे काढून ठेवले होते. मी पळत घरी येऊन आईले सांगितलं. आई म्हणाली, बाबाले ऑफिसचं काई विचारू नको. ते आले की क्रिकेटचं विचारजो."

मी मीराकडे पाहिलं नाही. पाहायची हिंमत झाली नाही.

त्या वर्षी अश्वजित रोज संध्याकाळी दारात उभा असायचा, बाबा, आज स्कोर काय झाला? मला क्रिकेटमधलं काही कळत नव्हतं. पण पोराला सांगता यावं म्हणून मी बागेसमोरच्या पानठेल्यावर उभं राहून रेडिओ ऐकायचो, आकडे तळहातावर लिहून घ्यायचो. बाकी दिवस कसाही गेला तरी तेवढी दहा मिनिटं आम्ही दोघं ओट्यावर बसून बोलायचो. मला वाटायचं, याला क्रिकेटचं फार वेड आहे.